फाइलताईंचे पाच पंतप्रधान

फाइलताईंनी एका नवऱ्यात चार पंतप्रधान सांभाळले होते. पाचव्याची मात्र त्यांना धास्ती बसली होती.

त्यांचा नवरा इतिहासाचा प्राध्यापक. विषय एकच, राजकीय नेत्यांची चरित्रं, आणि तीही मेलेल्या नेत्यांची. जिवंत नेता म्हणजे त्यांच्या लेखी कच्चा माल. तिशीत असताना त्यांचा प्रबंध परत आला होता. सातशे पानं, दोन हजार तळटिपा, आणि पहिल्या पानावर परीक्षकाने शिसपेन्सिलीने लिहिलेलं एक वाक्य: ‘तुमच्या नेत्याने काय काय केलं ते कळलं, पण ते करताना त्याला कसं वाटत होतं, हे तुम्हाला तरी कळलंय का?’ दुसरा कोणी असता तर परीक्षकाच्या नावाने बोटं मोडून मोकळा झाला असता. ह्यांनी ते मनाला लावून घेतलं. नेत्याची रोजनिशी काढली आणि तारीखवार तिच्याबरहुकूम जगायला सुरुवात केली. त्या तारखेला तो नऊ मैल चालला असेल तर हे नऊ मैल चालणार. तो उपाशी झोपला असेल तर हेही उपाशी. आजारपणाची तेवढी पंचाईत होती, कारण ताप काही कोणाच्या सांगण्यावरून येत नाही. पण खोटं वाटेल, एकदा तोही आला, अगदी तारखेवर, आणि पंतप्रधानांपेक्षा अर्धा अंश जास्त.

तो पहिला नेता कमी बोलणारा होता. ताईंनी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं. अडीच वर्षं घर चिठ्ठ्यांवर चाललं. त्याच काळात मुलगी झाली. दवाखान्यातून निरोप गेला, तेव्हा ह्यांच्याकडून उलट चिठ्ठी आली, ‘नोंद घेतली.’

दुसरा तोफखाना. हा माणूस चार-चार तास भाषणं ठोकायचा. प्राध्यापक दुधाच्या रांगेत उभे राहिले की रांग सभेसारखी वाटायची. एकदा नळ दुरुस्त करायला आलेला माणूस टाळ्या वाजवून निघून गेला. नळ तसाच गळत राहिला. वर्गातला त्यांचा आवाज समोरच्या इमारतीत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेपर्यंत जायचा. त्या वर्षी रसायनशास्त्राची सहा मुलं इतिहासात पहिल्या वर्गात आली म्हणतात.

तिसरे घड्याळजी. त्यांच्या कारकिर्दीत गल्लीतले लोक प्राध्यापकांच्या फाटकाच्या आवाजावर घड्याळं लावू लागले. चौथा मात्र पक्का कारस्थानी निघाला. ते पुस्तक लिहिता लिहिता प्राध्यापकांनी आपल्या विभागात तीन विभागप्रमुख एकामागून एक खाली खेचले आणि स्वतः त्या खुर्चीत जाऊन बसले. पुस्तक छापून झालं आणि भूत उतरावं तसं सगळं उतरलं. ‘मी इथे कसा?’ असं शिपायाला विचारून त्यांनी राजीनामा दिला, आणि तिघांच्या घरी जाऊन माफी मागून आले. तिसऱ्याने दारच उघडलं नाही, तेव्हा फटीतून आत माफी सरकवली.

पुस्तकांचं मात्र नाव झालं. प्रत्येक परीक्षण लिहिणारा म्हणायचा, लेखक जणू त्या खोलीत हजर होता. ताईंना हसू यायचं. खोली त्यांचीच होती, आणि हजेरी त्या रोज बघत होत्या.

ताई स्वतः काही कमी नव्हत्या. शहराच्या पाणीपुरवठा खात्याच्या दफ्तरखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. फाइलताई हे नाव तिथलंच. कुठल्या रस्त्याखाली कधी कुठला नळ पुरला, ते त्यांना पायाखालच्या वाटेसारखं ठाऊक. तरुणपणी प्राध्यापक तिथेच आले होते. कुठल्याशा पंतप्रधानाने खरंच तोटी फिरवून योजनेचं उद्घाटन केलं होतं की नुसता फोटो काढला होता, हे त्यांना बघायचं होतं. ताईंनी दहा मिनिटांत फाइल काढून दिली. त्या दिवशी पाणीच आलं नव्हतं. प्राध्यापक फाइलकडे बघत राहिले, मग ताईंकडे, आणि पुढचं सगळं जुळून आलं.

तर आता पाचवा. ताईंनी ह्याला नाव दिलं त्यागमूर्ती, आणि तेही जरा दात खाऊनच. हा माणूस दोनदा पंतप्रधान झाला. अडुसष्टाव्या वर्षी, ऑक्टोबरच्या चौदा तारखेला सकाळी आठ वाजता त्याने एक पिशवी उचलली, बायकोला ‘मी निघतो’ म्हणाला, आणि डोंगरावरच्या हवामान खात्याच्या रिकाम्या चौकीत जाऊन राहिला, तो कायमचा. तिथे तीन वर्षं ढग बघत त्याने जे निबंध लिहिले, ते शाळेत मुलांना पाठ करायला लावतात. सत्ता, घर, बायको, सगळं एका पिशवीपुढे तुच्छ. देशाने त्याला डोक्यावर घेतलं. त्याच्या रोजनिशीत चौदा तारखेची नोंद होती, ‘आठ वाजता निघालो. एक पिशवी.’ पुढची पानं कोरी.

प्राध्यापकांनाही यंदा अडुसष्टावं लागलं होतं.

ऑक्टोबर लागला त्या दिवशी ताई स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. प्राध्यापक समोर येऊन बसले. चौकी अजून उभी आहे, खात्याने राहायची परवानगी दिली आहे, एसटी पायथ्यापर्यंत जाते, अशी बरीच माहिती त्यांनी दिली. शेवटचं प्रकरण काही केल्या हलत नव्हतं, त्याचंही गाऱ्हाणं झालं. ताई सोलत होत्या.

“परत कधी?” त्यांनी विचारलं.

प्राध्यापकांनी एक दाणा उचलला, निरखला, परत ठेवला.

“तो आला नव्हता,” ते म्हणाले.

चेष्टा असती तर ताईंना कळलं असतं. चेष्टा नव्हती. चार नेते आले आणि पुस्तक संपलं तसे तापासारखे उतरून गेले, कारण चारही रोजनिशांना शेवट होता. हिला नव्हता. कोऱ्या पानांबरहुकूम जगायचं म्हणजे काय, हे ताईंनी मनात दोनदा करून पाहिलं, आणि दोन्ही वेळा उत्तर एकच आलं. नवरा वाईट नव्हता. बायकोवर जीव होता, आणि म्हणूनच भीती होती. त्यागमूर्तीचाही त्याच्या बायकोवर जीव होता, असं प्राध्यापकांनीच सतराव्या प्रकरणात सिद्ध केलं होतं, आणि ते प्रकरण ताईंनीच टाइप केलं होतं.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबांचे बूट कुलपात ठेव. ताई म्हणाल्या, अगं, मग अनवाणी जातील, आणि पुढच्या आवृत्तीत तेही घालतील. रडारड करून थांबवणं जमलं असतं, नाही असं नाही. पण थांबलेला माणूस रोज खिडकीतून डोंगराकडे बघत बसणार, आणि समोर चहाचा कप घेऊन आपण. त्यापेक्षा गेलेला परवडला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी सहज विचारावं तसं विचारलं, तो गेला त्या संध्याकाळी त्याची बायको काय करत होती?

प्राध्यापक गोंधळले. पाच वर्षांत हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

“त्याचा कागद नाही,” ते म्हणाले.

“शोधलात?”

शोधायला काही नव्हतंच, त्यांनी समजावलं. सरकारी दफ्तरखान्यात त्यागमूर्तीची एकशे बारा खोकी होती. त्यांतली त्र्याण्णव कारभाराची, ती त्यांनी पान अन् पान वाचली होती. उरलेल्या एकोणीस खोक्यांवर ‘घरगुती, किरकोळ’ असं लिहिलेलं. त्यांच्या आधी सहा चरित्रकार होऊन गेले, त्यांपैकी एकानेही ती उघडली नव्हती. त्यात पडद्यांची मापं आणि शिंप्याच्या चिठ्ठ्या असणार.

पण एकतीस वर्षांच्या नोकरीत त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. साहेब लोक ज्या फायलीवर ‘किरकोळ’ लिहितात, शहराचं पाणी नेमकं तिथेच मुरतं.

त्यांनी स्वतःच्या नावाचं वाचकपत्र काढून घेतलं आणि रोज सकाळी डबा घेऊन निघू लागल्या. नवऱ्याला सांगितलं, दातांचं काम चाललंय. प्राध्यापकांनी कुठला दात तेही विचारलं नाही, कारण त्यागमूर्ती त्या पंधरवड्यात घरात फारसा बोलत नव्हता.

दफ्तरखान्याचा वाचनकक्ष तळमजल्यावर होता. लांब टेबलं, त्यांवर हिरवं बनाती कापड, खिडक्या उंचावर. दफ्तरदार तुळतुळीत टकलाचा, वर्षानुवर्षं कुजबुजत बोलून घरीही मोठ्याने बोलायला विसरलेला माणूस. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, “काकू, नक्की काय हवंय?” ताई म्हणाल्या, पडद्यांची मापं. त्याने खांदे उडवले आणि पहिलं खोकं आणून ठेवलं. नाडीची गाठ पन्नास वर्षं कोणी सोडली नव्हती. ताईंनी ती नखाने सोडवली, कापली नाही. ते पाहून दफ्तरदाराचं त्यांच्याविषयीचं मत बदललं, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीखालची चांगली खुर्ची त्यांच्यासाठी राखलेली होती.

पडद्यांची मापं खरोखरच होती. शिंप्याच्या चिठ्ठ्याही होत्या. तेरा तारखेपर्यंत तीन खोकी झाली आणि चौथं निम्मं झालं. मग दुपारी, धोब्याच्या यादीखाली, एक पाकीट हाताला लागलं. त्यागमूर्तीच्या बायकोने परगावच्या बहिणीला पाठवलेलं. वर पोस्टाचा शिक्का, ‘पत्ता सापडला नाही’. पाकीट परत आलं होतं आणि कोणीही न उघडता यादीखाली सरकवून दिलं होतं. दफ्तरदाराने रजिस्टरात नोंद केली, हस्तिदंती सुरी आणली आणि श्वास रोखून ते उघडलं. आत दोन पानं.

ताईंनी दोन्ही वाचली. पहिल्यावर त्यांचे डोळे भरले. दुसऱ्यावर त्या इतक्या जोरात हसल्या की समोरच्या टेबलावर डुलकी घेणारा वाचक दचकून जागा झाला आणि त्याने घाईघाईने पान उलटलं.

दोन्ही पानांच्या प्रती काढून ताई घरी निघाल्या, आणि वाटेत त्यांचं हसू ओसरलं. पत्र नवऱ्यापुढे टाकलं की तो जाणार नाही, हे नक्की होतं. पण का जाणार नाही? तर त्यागमूर्तीने तसं केलं नव्हतं म्हणून. म्हणजे गेला तरी त्यागमूर्ती, राहिला तरी त्यागमूर्ती. मग आपला माणूस कुठे आहे? चाळीस वर्षांपूर्वी तोटीची फाइल मागायला आला होता, तो? पाच वर्षं झाली, तो दिसला नव्हता. ताईंना तो परत हवा होता, स्वतःच्या पायांनी आलेला. घराच्या फाटकाशी येईपर्यंत काय करायचं ते त्यांनी ठरवलं होतं. ठरवलं खरं, पण त्या संध्याकाळी त्यांच्या हातून दोन कप फुटले.

चौदा तारखेला आठ वाजता प्राध्यापक पिशवी घेऊन दारात उभे राहिले. चेहरा असा, जणू रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राष्ट्र उभं आहे. प्रत्यक्षात समोरच्या जिन्यात शेजाऱ्यांचं मांजर होतं.

“मी निघतो,” ते म्हणाले.

“बरं,” ताई म्हणाल्या. “हे एसटीत वाचा. किरकोळात सापडलं.”

त्यांनी घडी केलेला कागद पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवला आणि दार लावून घेतलं. मग दाराला पाठ टेकून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. जिन्यावरची पावलं उतरत गेली. त्यांनी ती मोजली नाही, पण शेवटचं पाऊल नेमकं ऐकलं.

घर झाडून काढलं. झाडलेलं परत झाडलं. नऊ वाजले, साडेनऊ झाले. एसटी सव्वानऊला सुटायची. आता ती शहराबाहेरच्या पुलावर असेल. आता पेट्रोलपंप. दहा वाजता ताई खुर्चीत बसल्या आणि स्वतःला म्हणाल्या, संपलं बरं का. एका माणसाचं ताट घ्यायची सवय लावून घ्यायला हवी. मुलीला काय सांगायचं, ह्याची वाक्यं त्या जुळवू लागल्या. पहिलंच वाक्य जुळेना.

त्याच वेळी एसटीत काय चाललं होतं, ते प्राध्यापकांनी पुढे अनेकदा, अनेक तऱ्हांनी सांगितलं. त्यांनी पुलावर कागद उघडला. पहिली ओळ वाचताच अंगावर काटा आला, कारण हे अक्षर त्यागमूर्तीच्या बायकोचं होतं, आणि ते त्यांनी पूर्वी पाहिलंच नव्हतं. तिने लिहिलं होतं: ‘ताई, हे चौदाला गेले. मी दारात उभी होते. मागे वळून बघितलं नाही. तू विचारशील रडलीस का, तर नाही. दिवसभर कपाट आवरलं. आवरलेलं परत आवरलं. लोक येऊन मला धीर देऊन जातात आणि त्यांचं कौतुक करून जातात. मला विचारत कोणी नाही. मग पंचवीस तारीख आली. सांजेला सातच्या सुमारास मागचं दार वाजलं. दिवा घेऊन गेले. दार उघडते तर काय,’

पान संपलं.

प्राध्यापकांनी पान उलटलं. मागे कोरं. घडीत बघितलं. पिशवी मांडीवर रिकामी केली. सीटखाली वाकले. शेजारच्या बाईंना पाय उचलायला लावले. तोवर पेट्रोलपंप आला होता, आणि एक इतिहासकार एसटीच्या मधोमध उभा राहून वाहकाला विनवत होता, की गाडी थांबवा, माझं पान राहिलं. वाहकाला वाटलं, म्हातारा विडा खाणारा आहे. तो म्हणाला, आजोबा, पुढच्या स्टँडवर मिळेल की. प्राध्यापक म्हणाले, हे पान जगात एकाच बाईकडे मिळतं. गाडी थांबली. पेट्रोलपंपापासून घर सहा मैल. वाटेत एक भाजीचा टेम्पो मिळाला, पण तो ठिकठिकाणी थांबत होता म्हणून ते मध्येच उतरले आणि टेम्पोच्या आधी पोचले.

साडेअकराला दार वाजलं. बेल असताना दार बडवणारा माणूस ताईंनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. त्यांनी उघडलं. प्राध्यापक घामाने निथळत होते, शर्टाचं एक टोक बाहेर, केसांत कोथिंबिरीची काडी.

“दुसरं पान राहिलं,” ते धापा टाकत म्हणाले. “ते दे तेवढं. घेऊन लगेच जातो.”

ताईंनी तोंडाला पदर लावला. हसू दाबायला की आणखी कशाला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्यांनी दुसरं पान पुढे केलं. प्राध्यापक उंबरठ्यावरच, बुटांसकट, वाचू लागले.

‘हेच. दाढी वाढलेली, सर्दीने नाक लाल. मला म्हणाले, चष्मा राहिला, तो घेऊन लगेच जातो. चष्मा नाकावरच होता, पण मी काही बोलले नाही. म्हटलं, बसा, शोधते. आज महिना झाला. मागच्या खोलीत शेकोटीपाशी बसून लिहितात. रोज सकाळी म्हणतात, लगेच जातो. कोणी भेटायला आलं की मी सांगते, डोंगरावर आहेत. त्यांना बाहेर दिसायची सोय नाही, म्हणून सकाळी गवळी आला की मी त्याला आज ढग कसे आहेत ते विचारते आणि आत जाऊन सांगते. ते लिहून घेतात. काल गवळी म्हणाला, बाई, आभाळ मोकळं आहे. ह्यांनी सबंध दिवस तोंड पाडलं. कोणाला सांगू नकोस. घरात असले की बरं वाटतं.’

प्राध्यापकांनी पान दोनदा वाचलं. मग ते हळूहळू पायरीवर बसले. पाच वर्षं, तीनशे साठ पानं, सतरावं प्रकरण, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून धडाधड कोसळत गेलं, आणि ताईंना त्यांची खरोखर कीव आली. त्या शेजारी बसल्या. त्यांच्या केसांतली काडी काढली.

“शाळेतली मुलं ते निबंध पाठ करतात,” प्राध्यापक म्हणाले.

“करू देत की. ढग खरेच होते. गवळ्याने बघितले होते.”

प्राध्यापकांचे खांदे हलू लागले. ताई घाबरल्या, मग त्यांना दिसलं की ते हसताहेत. मौनीबाबा असा हसला नसता, तोफखान्याला स्वतःवर हसणं माहीत नव्हतं, आणि त्यागमूर्तीचा तर प्रश्नच नव्हता. हे हसू ताईंनी पाणीपुरवठ्याच्या दफ्तरखान्यात ऐकलेलं होतं. डोळे पुसून प्राध्यापकांनी विचारलं, अजून किती खोकी राहिलीत? साडेपंधरा, ताई म्हणाल्या. उद्या किती वाजता उघडतं? दहाला, पण खिडकीखालची खुर्ची माझी आहे, तुम्ही दुसरी बघा.

प्राध्यापकांनी मान हलवली. मग त्यांच्या मनात काहीतरी आलं आणि ते थबकले.

“अगं, पण मी आलोच नसतो तर?”

“महिनाभर वाट बघितली असती,” ताई म्हणाल्या. “मग दोन्ही पानं माझ्या नावाने छापली असती.”

प्राध्यापकांचा चेहरा पांढराफटक पडला. घर सोडताना, एसटीत, ते पान वाचतानाही तो तसा पडला नव्हता. त्यांनी मुकाट्याने वाकून बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.